भूल देणारी

औषधाचं नाव तिच्या तोंडात आलंच नाही. टेबलावर एक शिक्षिका होती, पित्ताशयात खडे झालेली. भूल छान चढली होती, नळी जागेवर बसली होती, सर्जन हात वर धरून तयार उभा होता, आणि पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा खाली यायला लागला होता. त्यात नवल काहीच नव्हतं. भूल दिल्यावर तो खाली येतोच. इतक्या वर्षांत तिने तो असंख्य वेळा खाली येताना बघितला होता आणि बोलता बोलता, इकडच्या तिकडच्या गप्पा न थांबवता, वर आणला होता. तिने हात पुढे केला. "सिस्टर, द्या जरा ते..." आणि पुढे काहीच नव्हतं. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसं तिचं मन दाणकन आपटलं. औषध तिला दिसत होतं. त्याची काचेची कुपी, कुपीची मान मोडताना होणारा बारीक आवाज, शिरेत गेल्यावर नाडी कशी उसळी घेते ते, सगळं ठाऊक होतं. त्याला म्हणतात काय, तेवढंच नव्हतं. त्या जागी गुळगुळीत पांढरं काहीतरी होतं. "ते... वर आणायचं," ती म्हणाली, लहान मूल म्हणेल तसं. सिस्टरने क्षणभर तिच्याकडे बघितलं, मास्कच्या वर दिसत होते तेवढ्या डोळ्यांकडे, आणि "एफेड्रिन ना, मॅडम?" असं म्हणत भरलेली सिरिंज तिच्या हातात ठेवली. हाताने आपलं काम केलं. आकडा वर आला. "काय भूलबाई," सर्जन हसला, "आज स्वतःच थोडी घेतलीत की काय?" सगळे हसले. तीही हसली, म्हणजे मास्कच्या आत ओठ ताणले. आणि मग मानेच्या मागून तो जाळ उठला, कानांमागून वर चढला, टोपीखाली केसांच्या मुळांशी घाम फुटला आणि पाठीवरून ओघळत कमरेच्या नाडीपाशी जाऊन थांबला.

घाम कशाचा ते तिला कळत होतं. ती डॉक्टर होती, पन्नाशी ओलांडली होती, पाळी कधी लागोपाठ येई तर कधी दोन-तीन महिने दडी मारून बसे. रजोनिवृत्तीवर विद्यार्थिदशेत अर्धं पान वाचलेलं होतं: उष्णतेच्या लाटा, घाम, झोपमोड, चिडचिड. त्या अर्ध्या पानात शब्द जातात असं कुठे नव्हतं. शस्त्रक्रिया संपेपर्यंत ती शिक्षिकेच्या उशाशी बसून तो एकच शब्द घोकत राहिली. शिक्षिका शुद्धीवर आली, "झालं?" असं विचारून पुन्हा पेंगली. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन तिने नळ सोडला, मनगटं गार पाण्याखाली धरली, जरा बरं वाटलं, आणि खाली बघितलं तर ती मनगटं आईची होती. तशीच हाडं वर आलेली, तशीच निळी शीर अंगठ्याकडे वळलेली. आई अशीच उभी राहायची. स्वयंपाकघरातल्या नळाखाली दोन्ही हात धरून, डोळे मिटून, पाणी वाहून जातंय याचं भान नसल्यासारखी. आणि बाबा बैठकीच्या खोलीतून म्हणायचे, "अगं, नळ बंद कर की!" पहिल्यांदा नुसतं, मग रागावून, मग हळूहळू, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं.

आई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि तरी तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ कळायचा, याची वर्गातल्या मुली नक्कल करत. त्या आईने एके दिवशी कात्री मागताना "ते दे गं, ते चावणारं" असं म्हटलं होतं, आणि दोघी बहिणी हसून लोळल्या होत्या. आईही हसली होती. नंतर ती हसेनाशी झाली. खिडक्या सताड उघडून बसायची. बाबांना थंडी वाजायची, ते लावायचे. ती परत उघडायची. एकदा शाळेत फळ्यासमोर उभी राहिली ती राहिलीच, खडू हातात, आणि तास संपल्याची घंटा होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या संध्याकाळी काका आले. मोठी माणसं दार ओढून घेऊन बोलत होती आणि दाराबाहेर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या तिला बाबांचं एक वाक्य ऐकू आलं होतं: "हिचं काहीतरी बिनसलंय. कुणाला तरी दाखवायला हवं." मग आई हवापालटाला गेली. तसंच सांगायचं होतं, विचारलं कुणी तर. तिची त्या वर्षी मोठी परीक्षा होती म्हणून तिला बरोबर नेलं नाही, ताई गेली. परत आली ती आई गोड होती, शांत होती, म्हणाल ते करत होती. बोलत मात्र जवळजवळ नव्हती. टाचण्या तोंडात धरायचा प्रश्नच उरला नाही, कारण मशीनवर घातलेलं आच्छादन तिने पुन्हा कधी काढलं नाही. घरात सगळे म्हणत, लवकरच म्हातारपण आलं तिला, बुद्धी गेली. आणि पन्नाशीत ज्यांची बुद्धी जाते त्यांच्या मुलींचं काय होतं, हे तिने पुढे वैद्यकीच्या पुस्तकात अर्ध्या पानापेक्षा बरंच जास्त वाचलं होतं.

त्या दिवसापासून ती स्वतःवर पहारा ठेवू लागली. दवाखान्याचा जिना चढताना औषधांची नावं म्हणायची, मनात नव्हे, ओठ हलवून, एखाद्या नावाशी अडखळली की त्याच पायरीवर उभी राहायची आणि मागून येणारे "काय मॅडम, दम लागला का?" विचारत पुढे निघून जायचे. घरी भाजी चिरताना सुरीला सुरी म्हणायची. अंथरुणात रात्र रात्र डोळे टक्क उघडे ठेवून पडायची, घामाने भिजलेली उशी उलटी करायची आणि सकाळी थकव्याने शब्द आणखीच मागे सरलेले असायचे. कुणाशी बोलायची सोय नव्हती. भूल देणाऱ्याला विसरभोळेपणा परवडत नाही. बाकीच्या डॉक्टरांच्या चुका दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतात, हिच्या चुकीला जेमतेम एक-दोन श्वासांचा अवधी असतो. आपण सांगितलं तर लोक काय करतील ते तिला माहीत होतं, नाही सांगितलं तर आपण काय करू ते माहीत नव्हतं, आणि या दोन भीतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती रोज गाऊन चढवून उभी राहत होती. नवरा लिफ्टचा इंजिनियर होता, उंच इमारतींतल्या लिफ्टच्या दोऱ्या तपासत हिंडायचा. शांत, सरळ माणूस. एका संध्याकाळी ती लवकर घरी आली. तो गॅलरीत पाठमोरा उभा राहून दूर राहणाऱ्या मुलाशी फोनवर बोलत होता. "तसं काही नाही रे. पण आईचं हल्ली काहीतरी बिनसलंय. परवा दोनदा एकच विचारलं तिने. दाखवायला हवं कुणाला तरी." तिच्या हातातली पिशवी गळून पडली नाही की काही नाही. ती फक्त उलट्या पावली बाहेर गेली, दार आवाज न करता लावून घेतलं, आणि दोन जिने उतरून तळमजल्यावरच्या पत्रपेट्यांपाशी भिंतीला टेकून उभी राहिली. तेच शब्द. त्याच काळजीने, त्याच मायेने उच्चारलेले. बाबाही वाईट नव्हते. आईला नेताना त्यांनी तिला स्वतःच्या हाताने चपला घातल्या होत्या.

मग ते झालं, ज्याची ती वाट बघत होती. टेबलावर एक तरुण मुलगी होती, पोहायला शिकवणारी, गळ्याला थायरॉइडची गाठ. अजून जागी होती आणि घाबरून अखंड बडबडत होती, पाण्यात उतरायला किती दिवस लागतील, व्रण दिसेल का. तिने वेदना मारणारं औषध द्यायला घेतलं. मुलीच्या कुठल्याशा प्रश्नाला उत्तर दिलं. आणि खाली बघितलं तर हातात अर्धी सिरिंज होती. अर्धं दिलं होतं की अर्धंच भरलं होतं? आताच्या मागचा क्षण तिने शोधला. तो नव्हता. सगळं स्वच्छ दिसत होतं, दिवा, हिरवी चादर, मुलीच्या नखांवरचा पुसलेला रंग, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक क्षण कुणीतरी कापून नेला होता. सर्जन म्हणाला, "झोपवताय ना?" तिच्या मनात आलं, अंदाजाने दिलं तरी बहुतेक काही होणार नाही. बहुतेक. त्या एका शब्दापाशी तिने सिरिंज खाली ठेवली. "थांबा," ती म्हणाली. "मला खात्री नाही." "कशाची?" "मी किती दिलंय याची." सिस्टर हळूच म्हणाली, "अर्धं दिलंत मॅडम. मी बघत होते." म्हणजे ती बघत होती. त्या पहिल्या दिवसापासून ती बघत होती. "थँक यू, सिस्टर. पण मी आज हे करणार नाही." टेबलावरची मुलगी मान उचलून विचारत होती, "काय झालं? माझं काही झालं का?" तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं काही नाही. मला बरं वाटत नाहीये. दुसऱ्या डॉक्टर येतायत, चांगल्या आहेत." सर्जन हातमोजे ओरबाडून काढत काहीतरी पुटपुटला, तिने ऐकलं नाही. तशीच विभागप्रमुखांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं की मला काही दिवस थिएटरमधून बाहेर ठेवा. कारण विचारल्यावर तिने खरं कारण सांगितलं. विभागप्रमुख खूप वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिले. मग म्हणाले, "बाह्यरुग्णात बसा तोवर. भूल देण्याआधीच्या तपासण्या करा." आणि तिची नजर चुकवत, "कुणाला तरी दाखवा मात्र."

तिने दाखवलं ते उंदीरवालीला. उंदीरवाली कॉलेजात तिच्या वर्गात होती. पदवी मिळाल्यावर रोगी सोडून प्रयोगशाळेत शिरली आणि माद्या उंदरांचे अंडाशय काढून त्या वाट कशी विसरतात ते बघत बसली, म्हणून हे नाव. आता ती त्याच आवारातल्या मागच्या इमारतीत बायकांवर संशोधन करत होती: पाळी जाताना मेंदूत काय होतं. खोलीत कागदांचे ढीग, खिडकीत सुकलेलं झाड, आणि उंदीरवालीचे केस नेहमीसारखे चहूकडे पळालेले. तिने सगळं ऐकून घेतलं. आईचंही. मधे एकदाही "अगं काही नसतं" म्हणाली नाही, आणि त्यानेच तिला जास्त भीती वाटली. "रक्त दे, चाचण्या दे, डोक्याचा स्कॅन करू," उंदीरवाली म्हणाली. "वाईट निघालं तर?" "तर वाईट निघालं असं सांगेन. तुला दुसरं काय हवंय माझ्याकडून?" उंदीरवालीच्या हाताखालच्या एका मुलीने तिला शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने परत म्हणायला सांगितले. साधे शब्द होते. पडदा, विहीर, बोट, साबण. म्हणताना तिला जाणवत होतं की काही शब्द दाराशी येऊन उभे आहेत आणि आत येत नाहीत.

स्कॅनच्या यंत्रात डोकं पिंजऱ्यात अडकवून तिला आत सरकवलं. कुणीतरी पत्र्यावर घणाचे घाव घालावेत तसा आवाज सुरू झाला. हलायचं नव्हतं. इतकी वर्षं ती माणसांना आडवं करून त्यांच्या डोक्याशी बसत आली होती. स्वतः आडवं झाल्यावर छत किती जवळ येतं हे तिला माहीत नव्हतं. डोळे मिटले आणि जे इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ते वर आलं. शिकाऊ असताना काही महिने तिची नेमणूक मनोरुग्णांच्या वॉर्डात होती. विजेचे झटके द्यायच्या आधी भूल द्यायची, एवढंच तिचं काम. झोपलेल्या माणसाला काही कळत नसे, शरीर जेमतेम थरथरे, आणि कित्येक जण त्याने खरोखर बरे होऊन घरी जात. तिथला म्हातारा परिचारक एकदा म्हणाला होता, "आता बरं आहे डॉक्टर. पूर्वी जाग्या माणसाला द्यायचे. आम्ही चौघे धरायचो. तोंडात कापडाचा बोळा. तरी जीभ चावायची माणसं." ती त्या दिवशी घरी गेली तेव्हा आई जेवत होती. आईने घास घ्यायला तोंड उघडलं आणि जिभेच्या कडेला, उजवीकडे, ती खाच दिसली, जी हवापालटाहून आल्यापासून होती आणि जिच्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. ती ताटावरून उठली होती. दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं होतं की आपण भूलशास्त्रच घ्यायचं. का, असं लोक विचारत. ती म्हणे, वेळेवर घरी जाता येतं. पिंजऱ्यात तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं आणि ते पुसायला हात हलवायचा नव्हता. हे माझ्यातही आहे, ती मनात म्हणत होती. आत्ता ते लोक पडद्यावर बघतायत आणि एकमेकांना कोपरखळ्या मारून दाखवतायत, इथे बघ, इथपासून कुरतडलंय.

"मेंदू छान आहे तुझा," आठवड्याने उंदीरवाली म्हणाली. "फोटोत दिसतं तेवढ्यापुरता तरी. शब्दांच्या चाचणीत मात्र तू खाली आहेस. तुझ्यासारखीकडून अपेक्षा असते त्याच्या खाली. ते मी लपवणार नाही." "म्हणजे सुरुवात आहे?" "म्हणजे आत्ता तुझे शब्द उशिरा येतायत. इस्ट्रोजेन काय नुसतं गर्भाशयासाठी असतं का गं? मेंदूतही त्याच्या बसायच्या जागा आहेत. ते असं वरखाली व्हायला लागलं की मेंदूची जुनी घडी विसकटते, नवीन बसायला वेळ लागतो. त्यात तू झोपत नाहीस. बहुतेकींची घडी बसते." "बहुतेकींची." "हो, बहुतेकींची. सगळ्यांची म्हणून मी तुला खोटा धीर देणार नाही. आम्हालाच अजून नीट कळलेलं नाही. आधीच्यांनी सगळं नर उंदरांवर करून ठेवलं, का, तर माद्यांचे हार्मोन मधे कडमडतात." तिला हसू आलं. उंदीरवाली पुढे सांगत होती, घामासाठी आणि झोपेसाठी हार्मोनची, कातडीवर चिकटवायची पट्टी लावता येईल, तुझ्या बाबतीत धोका फारसा दिसत नाही. शब्दांसाठी म्हणून देणार नाही, ते काम पट्टी करते असा पुरावा माझ्याकडे नाही. सहा महिन्यांनी परत बघू. ती ऐकत होती. भीती होतीच, पण जागा बदलत होती. "मग आईला काय झालं होतं?" तिने विचारलं. "मी कसं सांगू? तुझी आई मी तपासलेली नाही. खरंच दुसरं काही असेल." उंदीरवालीने चष्मा काढला. "त्यानंतर ती किती जगली?" "खूप. पंचवीसेक वर्षं." "आणि बिघडत गेली? माणसं ओळखेनाशी झाली, वाट चुकायला लागली?" तिने आठवून बघितलं. आई शेवटपर्यंत प्रत्येकाला ओळखत होती. नातवाच्या स्वेटरचं माप डोळ्यांनी घेऊन बोटांनी दाखवत होती. "नाही," ती म्हणाली. "जशी परत आली तशीच राहिली." उंदीरवालीने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. पलीकडच्या खोलीत कुणाचा तरी फोन वाजत राहिला.

त्या दिवशी ती घरी न जाता ताईकडे गेली. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहत होती. भाऊजी गेले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि ती अजून चष्म्याच्या दुकानात रोज उभी राहत होती. ताईने चहा टाकला. ती ओट्याला टेकून सरळच म्हणाली, "ताई, आईला तिथे नेलं तेव्हा तू होतीस ना बरोबर?" ताईचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. "आता कशाला ते?" "मलाही होतंय. शब्द जातायत. उकडतं, झोप नाही." ताईने गॅस बंद केला. स्टुलावर बसली. तिचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. "आई त्या डॉक्टरला हेच सांगत होती," ती म्हणाली. "फार उकडतं हो, झोप येत नाही, आणि शब्द सापडत नाहीत. तीन वेळा सांगितलं तिने. तो बाबांशी बोलत होता." "मग?" "मग तिला आत नेलं." "आत काय झालं?" "मी बाहेर होते. बाकावर." ताई उठली, खिडकीपाशी गेली, उगाचच पडदा सारखा केला. "ते नको विचारूस." मग तिकडेच तोंड करून ताई म्हणाली, "मलाही झालं होतं. सात-आठ वर्षांपूर्वी." "काय?" "हेच सगळं. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं, आणि मला चष्मा हा शब्द आठवेना. चष्म्याच्या दुकानात! मी म्हटलं, तुमचं ते... डोळ्यांवरचं तयार आहे." दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि फुटल्या; पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, कात्रीच्या वेळी हसल्या होत्या तशा. हसता हसता ताईचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. "न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे मी," ती म्हणाली. "ह्यांना वाटायचं धुणं चाललंय." "कुणाला सांगितलं नाहीस?" "कुणाला सांगू? हे म्हणाले असते, दाखवायला हवं." "मला तरी सांगायचंस." ताईने नाक पुसलं. "तू डॉक्टर. तू तर लगेच दाखवलं असतंस." ते तिला लागलं. मग तिने घाबरत घाबरत विचारलं, खरं तर ती तेवढंच विचारायला आली होती, "आले का गं परत? शब्द?" "आले की. कधी ते कळलं नाही. एक दिवस लक्षात आलं, बऱ्याच दिवसांत काही अडलं नाही."

त्या रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, पत्रपेट्यांपाशी उभी होती तेही. त्याचा चेहरा उतरला. "मी तुला कुठे नेणार होतो गं?" तो म्हणाला. "मला नुसती भीती वाटत होती." "तीच सगळ्यांना वाटत होती तेव्हा," ती म्हणाली. पट्टी लावल्यावर हळूहळू झोप यायला लागली. काही महिन्यांनी ती थिएटरमध्ये परतली. सुरुवातीला शेजारी एक तरुण सहकारी असे, आणि प्रत्येक औषध देण्याआधी ती त्याचं नाव आणि मात्रा मोठ्याने म्हणे आणि सिस्टर ते परत म्हणे. सर्जन कुरकुरला, "शाळा भरलीय काय इथे?" पण एकदा तोच एका पेशंटची बाजू सांगताना उजवी की डावी यात अडखळला, आणि त्यानंतर गप्प बसला. शब्द अजून कधीकधी थांबतात. थांबला की ती श्वास धरते, आणि तेवढ्या वेळात ती कुठे जाऊन येते ते तिचं तिला माहीत. बहुतेक वेळा तो येतो.

आणि मग ताईचा फोन आला. उंदीरवालीला ज्यांची पाळी जाऊन काही वर्षं झालीत अशा, अभ्यासातल्या बायकांच्या मोठ्या बहिणी हव्या होत्या, तुलनेसाठी. तिने सहज ताईच्या कानावर घातलं होतं आणि ताईने विषय बदलला होता. आता ताई म्हणत होती, "त्या तुझ्या उंदीरवालीला विचार, माझं डोकं बघतेस का." स्कॅनची वेळ सकाळची होती. ताईने कानातलं काढलं, बांगड्या काढल्या, चष्मा काढून बहिणीच्या हातात दिला, आणि तो दिल्यावर तिची नजर कुठेच ठरेना. यंत्राचा सरकता पलंग बघून ती दारातच थबकली. "मला झोपवणार नाही ना?" "नाही गं. जागीच असशील. मी इथेच उभी आहे, पाय धरून." तंत्रज्ञ मुलीने ताईला आडवं केलं, डोक्यावर पिंजरा बसवला आणि हातात रबराचा एक छोटा फुगा दिला. "काही वाटलं तर दाबा हं, काकू. आम्ही लगेच बंद करू." ताई आत सरकली. बाहेर फक्त गुडघ्यांपासूनचे पाय राहिले. तिने ताईचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. ते बर्फासारखं होतं. घण सुरू झाले. पुरते चार श्वासही झाले नसतील तोच घंटा वाजली, आवाज तुटला, दिवे लागले, काचेपलीकडून मुलगी धावत आली, मागून उंदीरवाली. पलंग बाहेर सरकला. पिंजरा काढला. "काय झालं? दुखतंय का? श्वास कोंडला?" ताईचं तोंड आसवांनी ओलं होतं, पण आवाज सरळ होता. "काही नाही झालं," ती म्हणाली. "तेव्हा आत आई सतत 'थांबा, थांबा' म्हणत होती. दाराबाहेर ऐकू येत होतं मला. कुणी थांबलं नाही." तिने तो फुगा मुठीत आणखी घट्ट धरला. "थांबवतात का, एवढंच बघायचं होतं." तंत्रज्ञ मुलगी तशीच हातात पिंजरा घेऊन उभी राहिली. ताईने मान पुन्हा उशीवर टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "चला. घाला आता आत."